पहिला रिमोट

माझ्या उजव्या अंगठ्याला एकेकाळी आमच्या गल्लीत मान होता. मी ‘गोल्डन ॲक्स’ लावला की पोरं दारात चपला काढून बघायला बसत, आणि कुणी बघणारं नसलं तर मीही खेळत नसे. सेगाचा हा खेळ १९८९ चा. तलवारवाला ॲक्स बॅटलर, कुऱ्हाडवाला बुटका गिलियस आणि टायरिस फ्लेअर नावाची बाई, या तिघांनी डेथ ॲडर या दुष्टाकडून सोन्याची कुऱ्हाड सोडवून आणायची. कथानक एवढंच, बाकी सगळी कापाकापी. १९९५ मध्ये शॉ वॉलेस कंपनीनं सेगाचं यंत्र भारतात आणलं तेव्हा त्याची किंमत १८,००० रुपये होती. एवढ्यात उस्मानाबादी शेळ्यांचा कळप येतो, असा हिशेब वडिलांनी मांडला आणि विषय मिटला. पुढं मामानं पुण्याहून एक वापरलेलं आणून दिलं, म्हणून माझी कीर्ती झाली.

परवा पोराच्या नव्या कन्सोलवर सेगाच्या जुन्या खेळांचा संच दिसला आणि अंगठा फुरफुरला. या संचात एक चमत्कारिक सोय आहे. मेलात की वेळ थोडा मागं न्यायचा आणि परत जिवंत व्हायचं. ‘आमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ मी पोराला ऐकवलं. ‘मेलं की मेलं. आणि डेथ ॲडरपर्यंत पोचलं की लाईट जायची. मग पुन्हा पहिली स्टेज.’ मी पहिल्याच स्टेजला मेलो. पोरगं पाणी प्यायला आत गेलं तेवढ्यात वेळ मागं नेला. पुन्हा मेलो. थोड्या वेळानं अंगठा असा ठणकायला लागला की मी सोफ्यावर आडवा झालो. बायकोनं विचारलं, ‘श्रम कसले झाले?’

इथं तुळजापूरचं थोडं सांगायला हवं. आमच्या तुळजाभवानी देवीइतकी लढाईची शिस्त मी कुठल्याच खेळात पाहिलेली नाही. भाद्रपद वद्य अष्टमीला ती पलंगावर निजते, ती अमावास्येपर्यंत. ही घोरनिद्रा. मग घटस्थापना आणि नवरात्र. महिषासुराचं काम उरकलं की दसऱ्याला सीमोल्लंघन, बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीतून. आणि लगेच पुन्हा पलंग, थेट कोजागरीपर्यंत. ही श्रमनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी आणखी एक झोप असते, ती मोहनिद्रा. म्हणजे वर्षातून तीनदा झोप, तीही वाजतगाजत, आणि देवीला कुणी उठवायला जात नाही. आठ हातांची देवी लढून दमते हे अख्ख्या महाराष्ट्राला पटतं. मी तर दोन अंगठ्यांवर लढत होतो. हे मी बायकोला सविस्तर समजावलं. तिनं सोफ्यावरची उशी काढून घेतली.

यंदा कोजागरीला ताई आली. सोलापूरहून तुळजापूरपर्यंत चालत आणि तिथून एसटीनं धाराशिवला. मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसली आणि टीव्हीकडं बघून म्हणाली, ‘अगं बाई, ही टायरिस अजून हाय का? आण की इकडं.’

लहानपणी दुसरा रिमोट ताईचा असायचा. त्याचं एक बटण दाबून दाबून आत गेलेलं. टायरिसही तिलाच, ‘बाईमाणूस तू घे’ म्हणून. निळे चोर पळत येत, त्यांना लाथ मारली की जादूच्या बाटल्या पडत. लाथ ती मारायची, बाटल्या मी उचलायचो. मधेच आईची हाक यायची, आणि ती फक्त दुसऱ्या रिमोटलाच ऐकू यायची. चहा टाक. वाळवण काढ. ताई उठून जायची आणि टायरिस पडद्यावर नुसती उभी राहून मार खायची. मी ओरडायचो, ‘तुझ्यामुळं हरलो!’ खरं तर या खेळात टायरिसची जादू सहा पायऱ्यांची आहे. ॲक्सची चार आणि गिलियसची तीन. लग्नाची पहिली पत्रिका अष्टभुजा देवीपुढं ठेवणारं आमचं घर. त्याच घरात मुलीच्या वाट्याला मोडकं बटण येतं आणि कुणालाच काही वाटत नाही, याचा मला आता संताप येतो. गल्लीतली पोरं माझा अंगठा बघायला जमत. अर्धा खेळ चहाच्या गॅसपाशी उभा असे.

ताईनं पहिला रिमोट घेतला. चोरांना लाथा मारल्या, बाटल्या साठवल्या, आणि टायरिसच्या जादूतल्या अजगराएवढ्या तोंडाच्या ड्रॅगननं पडदा पेटवून दिला. मी म्हणालो, ‘ताई, मेलीस तर वेळ मागं नेता येतो.’

‘कशाला? मेले तर पहिल्यापासून खेळीन. आता कोण हाक मारायलंय मला?’

डेथ ॲडर समोर आला आणि तिचा मोबाइल वाजला. दाजी. गॅसची टाकी संपली होती, नवीन टाकीला रेग्युलेटर कसा बसवायचा, असं विचारत होते. ताईनं पडद्यावरची नजर न काढता फोन माझ्याकडं सरकवला. रेग्युलेटर बसेपर्यंत इकडं डेथ ॲडर पडला होता.

दिवाळीलाही पहिला रिमोट ताईलाच द्यायचा, असं मी घरात जाहीर केलंय. स्त्रीपुरुष समानतेवर छोटं भाषणही केलं. सगळ्यांना ते पटलं. अंगठ्याला रोज रात्री बाम लावतो, ते फक्त बायकोला माहीत आहे.