अंगठेबहाद्दर

सिन्नरात तात्यांच्या ओट्यासमोर गाडी थांबली, की तात्या उतरणाऱ्या माणसाकडे बघत नाहीत, बोनेटकडे बघतात. आलेला सख्खा भाचा असो, पत्रिका द्यायला आलेले व्याही असोत, नाहीतर गोंदेश्वराचा रस्ता विचारायला थांबलेला कुणी परगावचा असो; पहिला प्रश्न ठरलेला. "उभी असताना थरथरते, का पळताना?"

गाडी थरथरते असं त्या बिचाऱ्याने अजून म्हटलेलंही नसतं. पुष्कळदा ती थरथरतही नसते. पण तात्यांनी इतक्या काळजीने विचारल्यावर त्याला स्टेअरिंगवरचे आपले हात आठवतात, चेहरा गंभीर होतो आणि तो म्हणतो, "आता तुम्ही म्हणताय तर... थोडी मारते व्हायब्रेशन." इथे त्याची संध्याकाळ संपलेली असते.

"बोनेट उघडा. आणि चावी इकडे द्या."

ती चावी तात्या स्वतःच्या सदऱ्याच्या खिशात घालतात. कारण विचारलं तर सांगतात, "पट्ट्याजवळ हात असताना कुणी सेल्फ मारला, तर बोटं मोजायला दुसरा माणूस लागतो." कारण अगदी खरं आहे. पण चावी खिशात असेपर्यंत गाडीवाला कुठे जाऊ शकत नाही, हाही त्यातला एक लाभ आहेच. मग अंगठी काढून ओट्यावर ठेवायची, उपरणं खुंटीला अडकवायचं, बाह्या वर सारायच्या, आणि उजव्या हाताचा अंगठा अल्टरनेटर फिरवणाऱ्या पट्ट्याच्या सर्वांत लांब टप्प्याच्या बरोबर मधोमध टेकवायचा. दाबायचं. डोळे मिटायचे. या क्षणी आळीत कुणी बोललेलं त्यांना खपत नाही.

"ढिला आहे," तात्या डोळे उघडून सांगतात. नवस फळल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर असतो.

तात्यांची सगळी नोकरी मुसळगावच्या सहकारी औद्योगिक वसाहतीत, मेंटेनन्स खात्यात झाली. मोटर, पुली, पट्टा, बेअरिंग, ग्रीस यांतच हयात गेली. सिन्नरला माळेगावची एमआयडीसी आली, वसाहती वाढल्या, तसे गावात फिटर-टर्नर खूप झाले. पण तात्यांच्या अंगठ्याचं मूळ त्याच्याही मागचं आहे. त्यांची आई विड्या वळायची. सिन्नर हे एके काळी विड्यांचं गाव. घरोघरी सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा असायचा. दोरा जास्त आवळला तर विडी ओढता येत नाही, कमी आवळला तर हातातच सुटते. छाटाईत विडी बाद झाली की मजुरी बुडाली. लहानपणी आईच्या शेजारी बसून तात्या दोरा गुंडाळायला शिकले. "ताण किती द्यायचा ते आईने शिकवलं, कंपनीने फक्त पाने दिले," असं ते सांगतात. पाने म्हणजे बारा-तेराचा, चौदा-पंधराचा. त्या पान्यांचं गाठोडं आजही ओट्याच्या कोनाड्यात, देवाच्या सहाणेच्या शेजारी असतं.

तपासणीची त्यांची पद्धत मात्र कुठल्याही डॉक्टरने शिकून घ्यावी अशी आहे. गाडी उभी, इंजिन चालू, आणि थरथर आहे. म्हणजे दोष इंजिनच्या बाजूला. गाडी ऐंशी-नव्वदला गेल्यावरच स्टेअरिंग थरथरतं आणि वेग उतरला की थांबतं. म्हणजे चाकं बघा, बॅलन्सिंग बघा. "समृद्धीवर 120 ला थरथरली म्हणून माझ्याकडे येऊ नका, टायरवाल्याकडे जा," हे ते समृद्धीवरून गोंद्याला उतरून आलेल्या प्रत्येकाला ऐकवतात, आणि तरी बोनेट उघडायला लावतात.

मग चावी काही काळापुरती मालकाला परत मिळते. "एसी लावा. बंद करा. परत लावा. आता दिवे लावा. आता स्टेअरिंग पार टोकापर्यंत फिरवा." प्रत्येक हुकमाबरोबर पट्ट्यावरचा भार वाढतो: एसीचा कंप्रेसर, दिव्यांसाठी अल्टरनेटर, स्टेअरिंगचा पंप. ज्या हुकमाला थरथर वाढली किंवा पट्टा चिरकला, तिथे तात्यांचं बोट जातं. एवढ्यावर भागलं नाही, तर लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर निघतो. त्याचं टोक अल्टरनेटरच्या अंगाला आणि मूठ कानाला. आत बेअरिंग खरखरतंय का, ते त्यातून ऐकू येतं. शेवटी काकूंची इस्त्रीच्या वेळची पाणी फवारायची बाटली. चिरकणाऱ्या पट्ट्यावर थोडं पाणी उडवलं आणि आवाज क्षणभर थांबला, तर पुल्या एका ओळीत नाहीत. आवाज उलट वाढला, तर पट्टा ढिला आहे, घसरतोय. ही बाटली दर वेळी काकूंना न विचारता नेली जाते, आणि दर वेळी काळे डाग घेऊन परत येते.

एकदा कुणी कॉलेजातल्या पोराने, पट्ट्याने अख्खी गाडी कशी थरथरेल, असं विचारलं. तात्यांनी त्याला ओट्यावर बसवून घेतलं. चार सिलिंडरचं इंजिन नुसतं उभं असताना मिनिटाला आठशे फेरे घेतं. एका फेऱ्यात दोन सिलिंडर पेटतात, म्हणजे सेकंदाला सुमारे 27 धक्के. पट्टा योग्य ताणाचा असेल तर तो हे धक्के निमूट गिळतो. ढिला असेल, तर दोन पुल्यांच्या मधला मोकळा भाग वर-खाली फडफडायला लागतो, आणि इंजिनचे धक्के आणि त्याची फडफड यांचा ठेका जुळला की अल्टरनेटर हलतो, त्याचा ब्रॅकेट हलतो, मग तुमच्या डॅशबोर्डवरचा गणपती हलतो. "आणि तीन सिलिंडरची गाडी असेल तर ती थोडी थरथरणारच. मारुती 800 ला कुणी दोष दिला का?" पोरगा घरी जायला निघाला तेव्हा दिवेलागण झाली होती. त्याची चावी अर्थातच तात्यांच्या खिशात होती.

ढिल्या पट्ट्यापेक्षाही तात्यांचा खरा राग आहे तो फाजील आवळण्यावर. कांद्याच्या एका पिकअपचा पट्टा चिरकतो म्हणून कुणा पोराने अल्टरनेटरच्या मागे पहार घालून तो असा ताणला, की बोट लावलं तर वाजावा. आवाज बंद झाला, पोरगं खूश. थोड्याच दिवसांत अल्टरनेटरचं बेअरिंग गेलं आणि पाण्याचा पंप गळायला लागला. पिकअप मोहदरी घाट चढून आली ती वाफा सोडत. तात्यांनी पोराला समोर उभं केलं आणि म्हणाले, "अरे, पट्टा आहे तो, तंबोऱ्याची तार नाही." मग अंगठ्याने दाबून दाखवलं: जुन्या गाड्यांत साधारण दहा किलोच्या दाबाला पट्टा सेंटिमीटरभर खाली जावा, गाडीगणिक थोडा फरक. नवा पट्टा टाकला तर थोडा पळवून परत बघायचा, कारण तो खाचेत बसताना सैल पडतो. आणि व्ही आकाराचा पट्टा कडांनी धरतो, तळाने नाही. तो खाचेच्या तळाला टेकला असेल तर कितीही आवळा, घसरणारच. बदला. पोराने मान डोलावली. आता ते पोरगं स्वतःचं गॅरेज चालवतं आणि पट्टा दाबताना डोळे मिटतं.

घरात या अंगठ्याचा जाच वेगळा. शिलाई मशीनचा पट्टा, वॉशिंग मशीनचा पट्टा हे ओघानेच आले. पण अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी, नवारीची बाज, पोत्याच्या तोंडाची सुतळी, नातवाच्या दप्तराचा बंद, सगळं मधोमध दाबून बघितलं जातं. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत ते दळण घेऊन स्वतः जातात. काकूंना वाटतं मदत करतात. गिरणीवाला मात्र ते येताना दिसले की पट्ट्याच्या जाळीपुढे जाऊन उभा राहतो. एकदा सुनेने विचारलं, "तात्या, माझं डोकं ठणकतंय, गोळी आहे का?" तात्या म्हणाले, "बसून ठणकतं, का चालताना?"

लग्नात तर त्यांना नेऊच नये. संगमनेरकडच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू होती. मांडवामागे भाड्याचं जनरेटर, एका बाजूला इंजिन, दुसऱ्या बाजूला अल्टरनेटर, मधे पट्टे. चौथ्या कडव्याला भटजींचा आवाज लाउडस्पीकरमधून घोगरा झाला, दिवे पिवळे पडले, परत उजळले. पाहुण्यांना वाटलं वीजच तशी. तात्यांनी हातातल्या अक्षता शेजारच्या माणसाच्या मुठीत ओतल्या, "माझ्याही टाका" म्हणाले आणि गेले. शेवटच्या "सावधान"च्या आधी मशीन क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू झालं आणि भटजींचा आवाज असा खणखणीत आला, की नवरी दचकली. फोटोत सगळे वधू-वरांच्या मागे उभे आहेत. तात्या कडेला आहेत, हात काळे, चेहरा वरबापाहून समाधानी.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो. त्याने नवी गाडी घेतली आणि मोठ्या हौसेने दाखवायला आणली. तात्यांनी बोनेट उघडलं. आत एकच लांबरुंद पट्टा, सगळ्या पुल्यांतून नागमोडी गेलेला, आणि त्याला ताणून धरणारा स्प्रिंगचा टेन्शनर. आवळायला बोल्ट नाही, सरकवायला फट नाही. "तात्या, हे ऑटोमॅटिक आहे, बघावं लागत नाही," मुलगा म्हणाला. तात्या बराच वेळ गप्प उभे राहिले. काकू म्हणतात, निवृत्तीच्या दिवशीसुद्धा ते इतके गप्प नव्हते. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते बॅटरी घेऊन पुन्हा बोनेटखाली होते. टेन्शनरवरचा बाण आणि त्याच्या दोन मर्यादांच्या खुणा त्यांना सापडल्या. "स्प्रिंग म्हातारी होते की नाही? मग बघावं लागतंच," त्यांनी मुलाला झोपेतून उठवून सांगितलं. शिवाय या नव्या रबराला पूर्वीसारख्या भेगा पडत नाहीत, नुसत्या खाचा झिजतात, त्यामुळे वरून चांगला दिसणारा पट्टाही संपलेला असू शकतो, हेही सांगितलं. मुलगा ठरल्यापेक्षा एक दिवस आधी पुण्याला गेला.

तात्या चुकतच नाहीत असं नाही. वावीकडचा एक शेतकरी बोलेरो घेऊन आला. गाडी भयंकर थरथरत होती. पावसाचे दिवस. तात्या इतके खूश झाले की नेहमीचा प्रश्न विचारायलाच विसरले. पट्टा काढला, पुल्या पुसल्या, पट्टा घातला, ताणला. थरथर तशीच. परत ढिला केला, परत ताणला. काकू चहा घेऊन आल्या, गाडीला वळसा घातला आणि म्हणाल्या, "अहो, मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला चिखलाचा केवढा लपका वाळलाय, तो बघा आधी." शेतातली काळी माती रिंगच्या आत एका बाजूला घट्ट बसली होती, चाकाचा तोल गेला होता. उलथन्याने ती काढली आणि गाडी शांत पळाली. तात्यांनी चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "पट्टाही थोडा ढिला होताच."

पाहुण्यांना गोंदेश्वर दाखवायला ते हौसेने जातात. यादवांच्या काळातलं ते पंचायतन. मधे मोठं देऊळ, चार कोपऱ्यांना चार लहान, शिखरापर्यंत कोरीव दगड. पाहुणा म्हणतो, "एवढी शतकं झाली, अजून कसं उभं आहे!" तात्या म्हणतात, "फिरणारा भाग एकही नाही ना."

हसायला येतं खरं. पण नाशिकच्या एका गॅरेजने माझ्या शेजाऱ्याला उभ्या गाडीच्या थरथरीसाठी इंजिनची सगळी माउंटिंगं बदलायला सांगितली होती. संगणक जोडला होता, पण संगणकात काही उमटलं नव्हतं. पट्टा थोडा ढिला पडला म्हणून तिथे काही उमटत नाही. तात्यांनी अल्टरनेटरचे दोन बोल्ट सैल केले, पट्टा ताणला, बोल्ट आवळले आणि चावी परत दिली. पैसे घेतले नाहीत, फक्त जेवायला थांबवून घेतलं. तात्यांचा नियम साधा आहे: सगळ्यांत स्वस्त दोषावर सगळ्यांत आधी संशय घ्यायचा. महागडा दोष कुठे पळून जात नाही.

तेव्हा तुमची गाडी उभ्या-उभ्या थरथरत असेल, तर खर्चाचा अंदाज मागण्याआधी इंजिन बंद करा, चावी खिशात घाला आणि पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून बघा. आणि तात्यांकडेच जाणार असाल, तर जेवून जाऊ नका, आणि पुढच्या गावी वेळेवर पोहोचतो असं कुणाला सांगू नका.