परक्याच्या चिठ्ठ्या

"काय गं बाई, भाजी करपायली तिकडं, आन् तू पुस्तकात डोकं घालून बसलीस?"

"उतरवली आक्का भाजी. काफ्का म्हनून प्रागचा लेखक व्हता, त्याच्या चिठ्ठ्या वाचायले. त्यानं लिहिल्या जर्मनमधी, पोरीनं कालेजातून आनल्या इंग्रजीत, आन् तुमाला सांगायले चकलांब्याच्या बोलीत."

"बायकूला लिहिल्या?"

"बायकू कुठली! लगीन ठरायचं आन् मोडायचं. ही मिलेना. व्हिएन्नात ऱ्हायची. नवरा व्हता तिला."

"अगं बया! थांब, कुपाटीजवळ येते. हळू सांग."

"त्याची गोष्ट तिनं चेक भाषेत करायला घेतली, तिथून जुळलं. १९२० साल. ह्याला क्षय. दिसाला दोन-दोन चिठ्ठ्या धाडायचा. त्या साली भेट म्हनाल तर व्हिएन्नात चार दिस, मग सरहद्दीवरच्या गावात एकदा. बास."

"चार दिसावर येवढं मोठं पुस्तक? आमचं बग. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला, सहा म्हैने एकाच कोपीत. मुकादमाच्या वहीत नवरा-बायकू मिळून एक कोयता. चिठ्ठी लिहावी कव्हा, आन् कुनाला? बरं, ती काय म्हनायची?"

"तिच्या चिठ्ठ्या ऱ्हायल्याच न्हाईत. हिटलरची फौज प्रागात शिरली, तव्हा तिनं ह्याच्या चिठ्ठ्या एका मित्राच्या हवाली केल्या. १९५२ ला पुस्तक निघालं. तवर दोघंबी गेलेले. तो १९२४ लाच. ती १९४४ ला, छळछावणीत."

"म्हंजी तिनं त्याच्या जपल्या, त्यानं तिच्या न्हाई?"

"तसं कसं म्हनावं आक्का. मरायच्या आदी तो आपल्या दुसऱ्या एका मित्राला सांगून गेल्ता, माझं समदं जाळून टाक."

"मग जाळलं का?"

"न्हाई जाळलं."

"बग! ह्याचं कुनी जाळीना, आन् तिचं कुनाला घावंना. कुपाटीच्या एका अंगानं भांडन ऐकावं तसं झालं. मला तर तिचंच ऐकायचं व्हतं."

"मग आपलं 'कुसुमानिल' वाचा. कवी अनिल आन् कुसुमावती देशपांडे. लग्नाआदीच्या चिठ्ठ्या, दोघांच्याबी. ती विलायतेला शिकून आल्ती. १९२९ ला लगीन. तो १९५८ ला मालवणच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, ती १९६१ ला ग्वाल्हेरला. पयली बाई अध्यक्ष!"

"नवऱ्याच्या जोडीला खुर्ची! हे बेस झालं. पुस्तक कव्हाचं?"

"१९७२ चं."

"आन् बाई?"

"१९६१ लाच गेली."

"थांब, थांब. म्हंजी तिच्या चिठ्ठ्या गावभर झाल्या, त्या ती गेल्यावर?"

"व्हय."

"मग तिला इचारलं कुनी? आन् त्यातलं काय ठिवलं, काय गाळलं, ते कुनी ठरवलं? ते लिव्हलंय का बग आदी. नसंल लिव्हलं तर मी आपली जाते, म्हस वराडायली."