भाऊजींचा काटा

तेंदूपत्ता तोलत नाहीत, मोजतात. 70 पानांचा एक पुडा आणि 1000 पुड्यांची एक गोणी, हा आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतल्या पानसंकलनाच्या फळीवरचा हिशेब. उन्हात पान वाळलं की वजन उडून जातं, पण 70 ची 69 काही होत नाहीत. माणसाच्या बाबतीत ही सोय नाही. आमचे भाऊजी मोजायला गेलं तर एकच भरतात, म्हणून त्यांना तोलणं आलं.

भाऊजींची सगळी नोकरी बल्लारपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या काटाघरात गेली. रिकामा ट्रक काट्यावर घ्यायचा, भरून आला की पुन्हा घ्यायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. पावसाळ्यात कोळसा भिजतो आणि ट्रक तोच असूनही काटा जास्त दाखवतो, हे त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. "ओला कोळसा जळत नाही जी, नुसता भरतो," हे त्यांचं आवडतं वाक्य.

अशा माणसाचं स्वतःचं वजन घरच्या काट्याला पेलेना. हे काटे बहुधा 150 ते 180 किलोला हात टेकतात. भाऊजी चढले की आकड्याऐवजी 'एरर' झळकायचं. ताई म्हणायची, "चला, आता खाणीवरच नेते तुम्हाले." साखर होती, गुडघे कुरकुरत होते, रात्री घोरता घोरता श्वास अडकायचा. शेवटी नागपूर गाठलं. तीन चतुर्थांशाहून जास्त जठर काढून टाकलं, उरली एक निमुळती नळी.

या ऑपरेशनचं इंग्रजी नाव आमच्याकडे कुणी घेत नाही. 2011 साली नितीन गडकरींनी मुंबईत वजनाचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून 'गडकरींवालं' म्हटलं की आमच्या बैठकीत पुरतं. याच गडकरींनी 2022 मध्ये उज्जैनचे खासदार अनिल फिरोजिया यांना जाहीर सांगितलं की, जितके किलो घटवाल तितके हजार कोटी तुमच्या भागाच्या विकासाला देतो. आपण स्वतः 135 किलोंवरून 93 वर आलो, हेही सांगितलं. फिरोजियांनी काही महिन्यांत 15 किलो उतरवले आणि 15,000 कोटींचा हिशेब मांडला. बातमी वाचून भाऊजी म्हणाले, "मी तर त्याहून जास्त उतरवले. माह्या गल्लीची नाली तरी करून द्या म्हना!"

ऑपरेशननंतर घरात दशांश दाखवणारा नवा काटा आला आणि ताईचे हाल सुरू झाले. पहाटे उठल्यावर एकदा, संडासला जाऊन आल्यावर एकदा, चहाच्या आधी, चहानंतर, अंघोळ करून पुन्हा. काटाघरातली सवय, म्हणून लुंगी वेगळी तोलून तिचं 'टेअर' काढून ठेवलेलं. चष्म्याचं वजन नको म्हणून तो काढून चढायचे. मग आकडा दिसायचा नाही, की ताईला हाक. पोळी करपली तरी चालेल, आधी आकडा वाच. तो आकडा कॅलेंडरवर, दूधवाल्याच्या खाड्याशेजारी, बारीक अक्षरात चढायचा.

गंमत म्हणजे पहिलाच आकडा वाढलेला निघाला. "पोट काढून टाकलं, अन् वजन वाढलं कसं?" शिरेतून चढवलेलं सलाइन, दुसरं काही नाही. मग काटा धडाधड उतरला आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमाराला अडून बसला. हेही ठरलेलंच. सुरुवातीला शरीर साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, वापरून टाकतं. तिच्या दर ग्रॅममागे सुमारे 3 ग्रॅम पाणी बांधलेलं असतं, तेही जातं. पुढे शरीर पाणी पुन्हा धरू लागतं. आत चरबी घटतच असते, पण आकडा हलत नाही. लोणच्याची फोड, बद्धकोष्ठ, बसमधून पाय लोंबकळत केलेला प्रवास, यातलं काहीही किलोभर इकडे-तिकडे करू शकतं. ओल्या कोळशावर जन्म काढलेल्या माणसाला स्वतःच्या अंगातलं पाणी मात्र उमगेना.

त्यात चंद्रपूरचा मे महिना. लिटरभर घाम गेला की किलो कमी, हे गणित भाऊजींना फारच लवकर कळलं. भर दुपारी कूलर सोडून 'जरा चौकात जाऊन येतो' म्हणायचे आणि आल्या आल्या काट्यावर. हा मात्र हसण्यावारी नेण्याचा प्रकार नव्हे. या नळीत गटागटा पाणी मावत नाही, दिवसभर घोट घोट घ्यावं लागतं, जेवताना तर तेही नाही. गेलेला घाम भरून काढायला संध्याकाळ उजाडायची. डॉक्टरांनी फोनवर खडसावलं, ताईनं काटा धानाच्या कोठीमागे दडवला.

भाऊजींना वळण लावलं ते आरमोरीच्या आशाताईनं. लेकीचं बाळंतपण तिकडे झालं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं गडचिरोलीतल्या गावच्या बायांना शिकवून घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला लावली. ते काम 1999 साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे देशभरच्या आशा सेविकांच्या घरभेटी त्यातूनच निघाल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी 42 दिवसांत 6 भेटी. भाऊजींचं जवळपास तेवढं तोलणं नाश्त्याच्या आधी उरकायचं.

आशाताईनं बाळाला झोळीत टांगलं. वजन जन्मापेक्षा कमी भरलं. भाऊजींचा चेहरा पडला. ती हसून म्हणाली, "का जी बाबा, पयल्या हप्त्यात लेकरू घटतेच. आमी एका दिसाचा वजन नाही पाहत, रेघ कोनीकडं चालली ते पाहतो."

"मंग माही पण रेघ काढ ना बाई."

"तुमचा वजन त्या कागदावर बसत नाही जी बाबा!"

या दोन जिल्ह्यांत काटा मुख्यतः वजन वाढत नाही अशांसाठीच गावोगाव पोचला. त्याच काट्याचा धडा एका वजनदार माणसाच्या कामी आला, याचं मला राहून राहून हसू येतं. परत आल्यावर भाऊजींनी आठवड्याचा एक वार धरला. रविवार, उपाशीपोटी, तीच लुंगी.

दुसऱ्या वर्षी थोडं वजन परत चढलं. चिवडा आणि चहाबिस्किटं त्या नळीतून बिनबोभाट उतरतात, भाकरीइतकी अडत नाहीत. पण सगळा दोष चिवड्याचाही नाही. स्वीडनमध्ये अशा रुग्णांचा वर्षानुवर्षं माग ठेवला, त्यात बायपास हे वजनाचं दुसऱ्या प्रकारचं ऑपरेशन केलेल्यांचं वजन एक-दोन वर्षांत सरासरी 32 टक्के घटलेलं होतं, दहा वर्षांनी ती घट 25 टक्क्यांवर आली. थोडं परत येतंच. आठवडी काटा हवा तो एवढ्याचसाठी, की रेघ सलग वर चालली तर डॉक्टरांकडे वेळेत जाता यावं. रोजच्या पावकिलोवरून घरात सुतक पाळायचं काही कारण नाही.

तेव्हा यंदाच्या लग्नसराईत असा कुणी पंगतीत शेजारी बसला, तर "किती उतरलं जी?" असं विचारू नका. आणि वडे वाढताना आग्रह तर मुळीच करू नका, वाटीभरात त्याचं पोट भरतं. विचारायचंच असेल तर बी-12 आणि लोहाच्या गोळ्या चालू आहेत ना, एवढं विचारा. वजन उतरलं म्हणून लोक त्या बंद करतात, आणि डॉक्टरांनी त्या जन्मभरासाठी लिहून दिलेल्या असतात.