किल्ली फिरवण्याच्या अपराधाबद्दल

मोटारविमा सर्वेक्षक महाशयांस, सा. न. वि. वि.

सप्टेंबर २०२५च्या पुरात सीनेकाठी उभी असलेली आमची मोटार आपण जातीने तपासलीत, याबद्दल प्रथम आभार. सीटचा पट्टा मुळापर्यंत ओढून त्यावरील गाळाची रेघ आपण ज्या गांभीर्याने न्याहाळलीत आणि डिपस्टिकवर आलेले दुधाळ चहाच्या रंगाचे तेल ज्या निर्विकार मुद्रेने उजेडात धरलेत, ती पाहून आमच्या मंडळींनी आपल्यासाठी ठेवलेले चहाचे आधण मुकाट्याने उतरवले.

आपल्या अहवालाने आमच्या ज्ञानात मोलाची भर पडली. पाणी इंजिनात आपण होऊन शिरले, तोवर तो निसर्गाचा कोप होता व जोखीम कंपनीच्या शिरावर होती, परंतु पूर ओसरताच आम्ही किल्ली फिरवली, सिलिंडरमधील पाणी काही केल्या दाबले जाईना आणि त्यापायी कनेक्टिंग रॉड वाकला, ही मात्र आमची करणी ठरून ‘परिणामजन्य हानी’च्या सदरात पडली, आणि इंजिनसंरक्षणाची वेगळी पुरवणी घेतलेली नसल्याने तिचा भार सर्वस्वी आमच्यावर. उरलेल्या दाव्यातून रबर व प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा वजा. काचेला घसारा नाही, पण आमची एकही काच फुटलेली नाही, हे आपण (सहानुभूतीपोटीच असेल) दोनदा सांगितलेत.

महाशय, बचावादाखल इतकेच की आम्ही नगरचे. पॉलिसीत अहमदनगर आणि दाव्यात अहिल्यानगर का, याचा आपण मागितलेला खुलासा सोबत जोडला आहेच. पैसेवारी ५० पैशांच्या आत कशी बसते, टँकरचा अर्ज कोणत्या मेजावर अडतो, चारा छावणीत जनावरांची हजेरी कशी लागते, हे इथल्या शेंबड्या पोरासही अवगत. या पर्जन्यछायेच्या मुलखात पाणी मागण्याच्या अर्जांत पिढ्या खपल्या, पाणी आल्याची वर्दी देण्याचा सराव कुणाला? अहमद निजामशहाने ज्या सीनेकाठी शहर वसवले, तिच्या पात्रात मोटार धुवायला न्यावी इतकेच आम्ही शिकलो होतो. तीच एका रात्री मोटार धुवायला घरी येईल, ही कल्पना नव्हती.

किल्ली सध्या देवघरात, हळदीकुंकवाच्या करंड्याशेजारी, आपल्या हुकमाची वाट पाहत आहे. तूर्त एकच पृच्छा. मागच्या आसनाखालच्या गाळात चार हिरवे कोंब वर आले आहेत. बहुधा बाजरी असावी. त्यांचा पंचनामा आपण करणार, की तलाठ्यांस वर्दी द्यावी?

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पॉलिसीधारक