संसारी ट्रेकर

संसारी ट्रेकर हा प्रामुख्याने पुणे, ठाणे, डोंबिवली आणि नाशिक या भागांत आढळतो. वय साधारण पंचेचाळीस ते अठ्ठावन्न. कॉलेजात असताना शेवटची कसारा लोकल पकडून त्याने रतनगड, हरिश्चंद्रगड आणि अलंग-मदन-कुलंग केलेले असतात. पायात हंटर शूज, पाठीवर कोणाची तरी मागून आणलेली सॅक. त्या वेळचे तीन-चार मित्र अजून टिकून असतात. मधल्या काळात प्रत्येकाला नोकरी, बायको, घराचे हप्ते, मुलांचे क्लास आणि आईवडिलांच्या तपासण्या लाभलेल्या असतात. नवा मित्र मात्र एकालाही मिळालेला नसतो. त्यामुळे जुन्यांना सांभाळण्यावाचून इलाज नसतो.

त्याच्या मोहिमेतला सर्वांत अवघड टप्पा म्हणजे तारीख. मार्चमध्ये इयर एंडिंग, एप्रिल-मेमध्ये ऊन, जूनमध्ये मुलांचे प्रवेश, श्रावणात सासुरवाडीचा सत्यनारायण, मग गणपती, पितृपंधरवडा, दिवाळी. उरतो डिसेंबरातला एखादा शनिवार. त्या दिवशी कोणाच्या तरी मेहुण्याची वास्तुशांत असतेच. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर वर्षभर तारखा पडत राहतात आणि प्रत्येक तारखेखाली सगळ्यांचे अंगठे उमटतात. तो अंगठा होकाराचा की नुसती पोच, हे आदल्या रात्रीपर्यंत कळत नाही.

तारीख ठरली की घर उरते. परवानगी हा शब्द तो वापरत नाही. ‘घरी कानावर घातलंय’ एवढेच म्हणतो. प्रत्यक्षातली पद्धत आडवळणाची असते. निघण्याच्या पंधरा दिवस आधी तो न सांगता दळण आणतो, सासूबाईंना डोळे तपासायला नेतो, मुलाच्या भूमितीत रस घेतो आणि गेल्या दिवाळीपासून गळणारा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करून घेतो. नळाची टपटप थांबली की बायको विचारते, “या वेळी कुठला गड?” तिला सगळे आधीच ठाऊक असते. मित्राच्या घरचा नळही त्याच आठवड्यात दुरुस्त झालेला असतो, आणि बायकांचा ग्रुप वेगळा असतो.

गटात एक लीडर असतो. तीसेक वर्षांपूर्वी तोलार खिंडीच्या धुक्यात त्याने सगळ्यांना वाट काढून दिली, या एका पुण्याईवर त्याचे पद टिकून आहे. त्यानंतर तो अनेकदा चुकला, पण ते धरायचे नाही असा संकेत असतो. दुसरा हिशेब ठेवतो. तिसरा दरवेळी आदल्या रात्री ‘जमत नाही रे’ म्हणतो आणि पहाटे सगळ्यांच्या आधी एसटी स्टँडवर उभा असतो.

वाट निवडताना आता गुडघ्यांचे मत घेतले जाते. एके काळी बेलपाड्याहून नळीच्या वाटेने थेट कोकणकडा गाठणारा हा माणूस हल्ली हरिश्चंद्रगडाला पाचनईहून जातो. ती सर्वांत सोपी वाट आहे. ‘या बाजूने फोटो चांगले येतात’ असे कारण दिले जाते. कळसूबाई हे १६४६ मीटर उंचीचे राज्यातले सर्वोच्च शिखर. तरी ते त्याला सोयीचे वाटते. बारी गावाकडून चढताना अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत, आणि शिडीपाशी गर्दी झाली की दम लागल्याचे कबूल न करता थांबता येते.

संध्याकाळी कड्यावर बसून सूर्यास्त पाहायचा असतो. त्याआधी रेंज मिळणारा दगड शोधला जातो. त्यावर एकेक जण आळीपाळीने उभा राहतो आणि सगळ्यांचे बोलणे एकच असते: “हो, पोचलो. हो, खाल्लं. हो, गोळी घेतली.” दुपारी घसाऱ्यावर खाल्लेली आपटी त्यात येत नाही.

हे मित्र कड्यावर बसून एकमेकांना मनातले सांगत असतील, असा काहींचा समज आहे. तसे काही होत नाही. पूर्वीचेच चार किस्से पुन्हा सांगितले जातात, आणि तपशील चुकला की बाकीचे तो दुरुस्त करतात. मित्राची मुलगी कोणत्या शाखेला आहे हे संसारी ट्रेकरला सांगता येत नाही. उतरताना मित्राचा कोणता गुडघा दुखतो हे मात्र नेमके ठाऊक असते. पुण्यात एखाद्याचे वडील गेले तर सांत्वनाचे वाक्य कोणालाच जमत नाही. एक जण डॉक्टरांचा दाखला आणतो, दुसरा वैकुंठातली व्यवस्था पाहतो, तिसरा रात्री त्याच्या घरी सतरंजीवर झोपतो. महिनाभराने कोणी तरी ग्रुपवर ‘राजगड?’ एवढेच टाकतो. याहून मोठे सांत्वन या वर्गात प्रचलित नाही, आणि बहुधा याहून मोठ्याची गरजही पडत नाही.

सह्याद्रीपलीकडे प्रत्येक गटाची एक लडाखची योजना असते: बुलेटवरून मनाली ते लेह. योजना आखली तेव्हा रोहतांग खिंड चढून जावे लागे. ऑक्टोबर २०२० मध्ये तिला वळसा देणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, तरी योजना जागची हललेली नसते. मधल्या काळात एकाने बुलेट घेतलेली असते. ती भाजी आणायला वापरली जाते. काही गट मात्र खरोखर जातात आणि खारदुंग ला खिंडीत पाटीखाली छाती काढून फोटो घेतात. त्या पाटीने वर्षानुवर्षे १८,३८० फूट मिरवले. आधुनिक मोजणीत खिंड साधारण १७,५८२ फुटांवर भरते. हे त्याला कोणी सांगू नये. चार माणसांच्या रजा आणि चार घरांचे नळ खर्ची घालून ते आठशे फूट मिळवलेले असतात.

असा गट डोंगरात भेटल्यास वाचकांनी त्याला वाट विचारू नये. चौघे चार दिशा दाखवतील. वाट पायथ्याच्या गावातल्या मामांना विचारावी. चहा मात्र या चौघांकडे निःसंकोच मागावा.