मुंग्या, डास आणि इतर हितचिंतक

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पहिला आजार पहाटे साडेपाचला येतो. दूध सव्वासहाला येतं. मधल्या पाऊण तासात लक्षणं, घरगुती उपाय, कुणाच्या तरी मेहुण्याचा अनुभव आणि तीन सूर्योदय येऊन गेलेले असतात.

ग्रुप खरं तर पार्किंगसाठी काढला होता. अमुक नंबरची गाडी काढा, तमुक गाडीचा हॉर्न अडकलाय, एवढाच मजकूर. पण पार्किंगवरून माणसं तुटतात आणि पित्तावरून जवळ येतात, हे आमच्या ॲडमिनकाकांनी बरोबर हेरलं. काका बँकेतून निवृत्त झालेत. ठेवीवर व्याज द्यावं तशी प्रत्येक बातमीवर आपल्याकडची थोडी भीती घालून ते ती परत करतात. दोनशे सभासदांत डॉक्टर चार. ते चौघेही कधी बोलत नाहीत. बहुधा त्यांना पेशंट असतात.

आमची पुण्यातली खराडी तशी बातमीत येण्यासारखी जागा नव्हे. ईऑन आयटी पार्क सुटला की नगर रोडपर्यंत गाड्या तुंबतात, ही बातमी म्हणायची तर रोजच छापावी लागेल. पण फेब्रुवारी 2024 मध्ये आमचं नाव देशभर झालं. मुळा-मुठेवर, पलीकडे केशवनगर-मुंढवा आणि अलीकडे खराडी गावठाण, अशा टापूत संध्याकाळी डासांचे काळे खांब उभे राहिले. पार इमारतींच्या उंचीचे, वावटळीसारखे डुलणारे. नदीत जलपर्णी माजलेली, पाणी तुंबलेलं. तो व्हिडिओ चॅनेलांवर गेला, परदेशात गेला. आमच्या ग्रुपवर तर सदतीस वेळा आला. टाकणारे बरेचसे त्या वेळी स्वतःच्या गॅलरीतच उभे होते. समोर नदी, नदीवर खांब, आणि हे मान खाली घालून मोबाइलमध्ये तोच खांब बघताहेत. तिथे तो जास्त खरा वाटत असावा.

तेव्हा त्या चारांपैकी एका डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडलं. संध्याकाळी थवा करून नाचतात ते नर, असं त्यांनी लिहिलं. नर चावत नाही. रक्त लागतं मादीला, अंड्यांसाठी. शिवाय डासांसारखे दिसणारे पण अजिबात न चावणारे कीटकही असेच थवे करतात. म्हणजे ज्याला भिऊन आम्ही खिडक्या लावून अंधारात बसलो, ती बहुतांशी नवरदेवांची वरात होती! पुढे त्यांनी असंही लिहिलं की घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंगीचा एडिस वेगळा, तो घरात साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. या मेसेजला एकच अंगठा मिळाला, आणि तोही पुढच्या मेसेजला द्यायचा होता असं नंतर कळलं. काकांनी 'माहितीबद्दल आभार' लिहिलं आणि नदीचा व्हिडिओ अडतिसाव्यांदा टाकला.

त्या जूनमध्ये झिका आला. एरंडवण्यात सापडला तेव्हा ग्रुप निवांत होता. एरंडवणं म्हणजे जुन्या पुण्याचा मामला, त्यांचं ते बघतील. मुंढव्यात रुग्ण निघाल्यावर मात्र 'नदी ओलांडली की आपणच' असा पुकारा झाला. झिकाही एडिसच पसरवतो. आम्ही निषेध केला तो नदीचा.

2025 उजाडलं ते चीनमधल्या 'नव्या' विषाणूच्या बातम्यांनी. 6 जानेवारीला बंगळुरूत दोन बाळांमध्ये एचएमपीव्ही निघाला आणि संध्याकाळी आमच्या लिफ्टमध्ये मास्क दिसू लागले. हा विषाणू 2001 सालीच नेदरलँड्समध्ये ओळखला गेलेला. चांगला लग्नाला आलेला घोडा, आणि आम्ही त्याला बारशाला पाळण्यात घातला.

पण तो फार टिकला नाही, कारण थोड्याच दिवसांत घरचाच आजार आला. सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडू लागले. 1916 मध्ये तिघा फ्रेंच डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. त्यातल्या तिसऱ्याचं, म्हणजे स्ट्रोलचं, नाव पुढे वाटेत गळलं. आमच्या ग्रुपवर उरलेल्या दोघांचीही धडगत नव्हती. गुलियन, गुलेन, बरे, बॅरी असे सगळे प्रकार झाले. एकाच्या फोननं आपण होऊन 'गुलाब बर्फी' करून दिलं. शेवटी जीबीएसवर तडजोड झाली, तरी काका महिनाभर जीएसटीच लिहीत राहिले. 'जीएसटी झाला की माणूस पायापासून खचत जातो.' यात दुरुस्ती करावी असं कुणालाच वाटलं नाही.

आजार खरा होता. पोटातल्या जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच नसांवर उठते. आधी पायांना मुंग्या, मग अशक्तपणा, वाईट वेळ आली तर व्हेंटिलेटर. काही जण दगावलेही. तेव्हा हसण्याचा विषय तो आजार नव्हे. हसण्याचा विषय मी आहे.

एका सकाळी माझ्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या. उभं राहवेना. भिंत धरून बाहेर आलो आणि पहिलं काम काय केलं, तर ग्रुपवर लिहिलं: 'पायांना मुंग्या. दोन्ही.' पाच मिनिटांत एकोणीस जणांना मुंग्या. सगळ्यांना सकाळीच, सगळ्यांना दोन्ही पायांना. साथ सोसायटीत शिरली यात कुणाला शंका उरली नाही. सगळेच कमोडवर बसून पाऊण तास जीबीएसची लक्षणं वाचत होते, हे ध्यानात यायला बायको लागली. ती म्हणाली, "मोबाइल बाहेर ठेवून जा, बरा होशील." झालोही. तोवर बातमी निघून गेली होती. संध्याकाळी सांगलीहून आतेभावाचा मेसेज आला: खराडीच्या एका सोसायटीत संशयित रुग्ण, वय पन्नास, टक्कल. टक्कल मी कळवलं नव्हतं. ती वाटेत पडलेली भर, पण खरी निघाली.

राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या तपासण्यांत काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यातल्या विहिरीच्या पाण्यावर बोट ठेवलं गेलं, महापालिकेनं त्या भागातली काही खासगी आरओ केंद्रं बंद केली. त्या विहिरीचा फोटो आमच्या ग्रुपचा डीपी झाला. विहीर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. आम्हाला पाणी येतं भामा-आसखेडचं, खेड तालुक्यातून, आणि ते कमी पडलं की टँकरचं. मी एकदा भीत भीत विचारलं, की आपला टँकर नेमका भरतो कुठे? उत्तर आलं, 'गाड्यांचे विषय पार्किंगच्या ग्रुपवर घ्यावेत.'

नदीपलीकडच्या याच मुंढव्यात, 1897 च्या प्लेगात, एक मुलगा आजारी असल्याचं सावित्रीबाई फुल्यांच्या कानावर आलं. त्यांनी बातमी पुढे पाठवली नाही. पोराला पाठीवर घेतलं आणि हडपसरजवळ मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या, दवाखान्यात पोचवलं. त्यात त्यांनाच लागण झाली. 10 मार्चला त्या गेल्या. दर वर्षी 10 मार्चला त्यांचा फोटो ग्रुपवर येतो, झेंडूच्या चौकटीत, लुकलुकणाऱ्या पणतीसकट. मागे एकदा त्याखाली कुणी लिहिलं होतं, 'साथ चालू आहे, विनाकारण बाहेर पडू नये.'

तर गेल्या रविवारी काकांच्या घरी आरोग्य समितीची बैठक झाली. विषय अर्थात नदी. काकांचं घर म्हणजे किल्ला. नदीकडच्या खिडक्यांना दुहेरी जाळी, दाराशी चार्जिंगला लावलेली डास मारायची बॅट, कोपऱ्यात जळणारी कॉइल. काकूंनी पाणी आणलं ते सांगतच: "वीस मिनिटं उकळलंय, वर तुरटी फिरवलीय." टीपॉयवर, माझ्या गुडघ्याशी, मनीप्लांट होता. परदेशी दारूची बाटली, लेबल नखानं खरवडून काढलेलं, त्यात नितळ पाणी आणि पांढऱ्या मुळांचा गुंता. अर्ज वाचला जात असताना माझी नजर त्या पाण्यावर गेली. मुळांच्या आसपास स्वल्पविरामाएवढी काहीतरी होती. अंग वळवत खाली जायची, काचेला घासून परत वर यायची आणि शेपटी पाण्याच्या पृष्ठभागाला लावून उलटी लोंबकळत राहायची. चाळीसपर्यंत मोजली. मग त्यांनी जागा बदलल्या.

"याचं पाणी कधी बदलता?" मी काकूंना विचारलं.

"बदलायचं नसतं," काकू म्हणाल्या. "दिवाळीपासून तेच आहे. म्हणून तर मुळं धरलीत."

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी अर्ज पुढे केला. महापालिकेनं नदीतली जलपर्णी तातडीनं काढावी. मागणी रास्तच होती, मी सही केली. मग फोटो झाला. फोटो काढायला मीच होतो, आणि एवढंच धाडस केलं की बाटली बरोबर मधोमध, सगळ्यांच्या पुढे घेतली. ग्रुपमध्ये दोनशे माणसं, चार डॉक्टर. कुणीतरी मोठा करून बघेल.

रात्रीपर्यंत एकसष्ट अंगठे आले. अकराव्या मजल्यावरच्या वहिनींनी खरंच मोठा करून बघितला. त्यांनी लिहिलं, 'मनीप्लांट काय सुंदर फुटलाय! एक फांदी मिळेल का?' त्याखाली आणखी सहा जणींनी हात वर केला. काकूंनी दुसऱ्या दिवशी सातही फांद्या लहान लहान बाटल्यांतून घरपोच दिल्या. मुळं नव्या पाण्याला बिचकतात म्हणून आपल्याच बाटलीतलं थोडं थोडं पाणी घालून.