बिबट्या दाखवा, नाहीतर पैसे परत करा

आफ्रिकेला सफारीसाठी गेलेल्या मराठी माणसाची खरी सहल शेवटच्या दोन दिवसांत सुरू होते. तोवर तो भारावलेला असतो. हत्ती दिसला की हात जोडतो, जिराफ दिसला की नातवाला व्हिडिओ कॉल लावतो. परतीचं विमान जवळ आलं की मात्र त्याच्यातला हिशेबनीस जागा होतो आणि टूरचं माहितीपत्रक काढून खुणा करायला बसतो.

वसई-विरारहून गेलेल्या मंडळींचंही तेच झालं. व्हिक्टोरिया धबधबा झाला. 108 मीटरवरून कोसळणारं ते पाणी बघून नालासोपाऱ्याच्या काकांनी दिवसाला किती टँकर भरतील याचा हिशेब मांडला, आणि आकडा हाताबाहेर गेल्यावर चिडून फोटो काढणंच बंद केलं. मग क्रुगर नॅशनल पार्क. सिंह, हत्ती, गेंडा, म्हैस अशा चार खुणा झाल्या. (म्हशीसाठी एवढ्या लांब यायचं काही कारण नव्हतं, हे आगाशीच्या काकूंचं मत.) पाचवा बिबट्या. तो काही दिसेना.

'बिग फाइव्ह' ही यादी मुळात शिकाऱ्यांची. पायी फिरून मारायला सगळ्यांत अवघड आणि धोक्याची ती पाच जनावरं. शिकारी गेले, यादी टूरवाल्यांकडे आली, आणि आता पाचांतलं एक कमी पडलं तर ताटात श्रीखंड कमी वाढल्यासारखी तक्रार होते. शेवटच्या संध्याकाळी टूर मॅनेजर पोराला घेराव पडला. "अरे, पत्रकात फोटो छापलाय ना त्याचा? मग दाखव." पोरगं म्हणालं, काका, क्रुगर साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटरचं आहे. आपल्या पालघरसारखे तीन जिल्हे आत मावतील. त्यात बिबट्या कुठल्या झाडावर बसलाय ते मी कसं सांगू? त्यावर ड्रायव्हरला गाडी जरा जोरात घ्यायला सांगण्यात आलं. ड्रायव्हर हसला. तिथे डांबरी रस्त्यावर ताशी 50 आणि कच्च्यावर 40 ही मर्यादा, मोडली तर दंड. शिवाय अंधार पडायच्या आत फाटक बंद. उभ्या लोकलमध्ये चढणं ज्यांना कमीपणाचं वाटतं, त्या विरारकरांचा हा फारच मोठा अपमान झाला.

आता जरा मागे जाऊ. 2024च्या मार्चअखेरीस एक बिबट्या आपण होऊन वसईच्या किल्ल्यात आला. ना व्हिसा, ना गाइड, ना फाटकाची वेळ. तेव्हा याच मंडळींच्या सोसायटीच्या ग्रुपवर काय चाललं होतं? 'वनखातं झोपलंय का?' संध्याकाळच्या रो-रो बोटीच्या फेऱ्यांना कात्री लागली, कॅमेरे बसले, पिंजरे लागले. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात गेला तेव्हा गावाचा जीव भांड्यात पडला. लाखो रुपये मोजून जो बघायचा, तो फुकट दारात आला की त्याचा बंदोबस्त करायचा असतो.

त्याच्याही आधीचा पाहुणा 'आजोबा'. 2009 साली पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. त्याला बाहेर काढून गळ्यात जीपीएस पट्टा घातला आणि माळशेज घाटात सोडला. विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याचा माग ठेवला. हा गडी जवळपास सव्वाशे किलोमीटर चालून, वसईच्या औद्योगिक वसाहतीतून वाट काढत, खाडी पोहून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. एवढ्या प्रवासात त्याने कोणाच्या अंगाला नख लावलं नाही. त्याच्यावर 2014 साली सिनेमाही आला. पण सिनेमा येण्याआधीच, 2011च्या डिसेंबरात, महामार्ग ओलांडताना एका गाडीने आजोबाला उडवलं होतं.

आपलं तुंगारेश्वर अभयारण्य सुमारे 85 चौरस किलोमीटरचं. ते आणि राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग यांच्यामधून चिंचोटी-कामण-भिवंडी रस्ता जातो, दिवा-वसई रेल्वे जाते. पश्चिमेच्या कडेला अहमदाबाद महामार्ग. बिबट्याला इकडून तिकडे जायचं तर आपल्या वाहतुकीची परवानगी काढावी लागते, आणि ती मिळत नाही.

बिबट्या न बघताच मंडळी परतली. रात्रीच्या विमानाने मुंबईला उतरली आणि भाड्याच्या गाडीत बसून घराकडे निघाली. अहमदाबाद महामार्गावरचा वर्सोव्याचा पूल ओलांडला, रस्ता मोकळा मिळाला, तेव्हा मागच्या सीटवरून काकांनी ड्रायव्हरला सांगितलं, "आता घे रे जोरात, तिकडे नुसती रांगत होती गाडी."

काका, पुढच्या वेळी इथे तरी काटा 50वर ठेवायला सांगा. आजोबाची नातवंडं अजून तोच रस्ता ओलांडतात.